‘मुद्दाम करतोय तो’

“मॅडम, भुताची गोष्ट वाचायला घेतली आणि त्यातला बाप मीच निघालो.” समुपदेशनाच्या कामात या ना त्या शब्दांत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. कधी बाप असतो, कधी आई. शंका एकच: पोटच्या पोराचा इतका राग येतो, म्हणजे मी माणूस आहे की राक्षस?

त्यातलेच हे एक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा पाच वर्षांचा, स्वतःचं काम घरून. स्टीफन किंगची ‘द शायनिंग’ त्यांनी अर्ध्यावर टाकली होती. १९७७ सालची कादंबरी. नोकरी गमावलेला, दारू सोडलेला एक लेखक बर्फाने वेढलेल्या हॉटेलात बायको-मुलासह राखणदार म्हणून राहतो आणि तिथली भुतं हळूहळू त्याचा ताबा घेतात.

“कुठे थांबलात?”

“त्याने मुलाचा हात मोडलेला असतो ना, तिथे. कागदांवर बिअर सांडली म्हणून.” बराच वेळ गप्प. “मागे मीही दंड धरला होता त्याचा. बोटं उमटली. बायकोला वाटतं, खेळताना लागलं.”

“होतं असं सगळ्यांचं,” म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. पहिल्या भेटी त्या बोटांवरच गेल्या. राग चढला की मुलाला सुरक्षित जागी ठेवून आपण खोलीबाहेर जायचं. आणि बायकोला खरं सांगायचं. सांगायला त्यांना तीन आठवडे लागले. तुमचाही हात उठला असेल किंवा उठेल अशी धास्ती वाटत असेल, तर कादंबरी नंतर. आधी कुणाला तरी सांगा, मदत घ्या.

मग मी त्यांना पुस्तक पुरं करायला सांगितलं. (माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही. नसू दे.) “भुतं त्याला नेमकं काय सांगतात, तेवढंच लिहून आणा.”

त्यांनी अर्धं पान आणलं आणि मोठ्याने वाचलं. बायको तुझ्या विरोधात आहे. यांच्यामुळे तुझं काम अडलंय. पोराला वठणीवर आणायला हवं. तिसऱ्या ओळीनंतर आवाज अडकला.

“यात भुताचं काय आहे, मॅडम? हे तर माझ्या डोक्यात रोज चालतं. ‘मुद्दाम करतोय तो.’”

मी काहीच बोलले नाही. एवढ्या वर्षांत मला खात्रीने जमायला लागलं असेल तर हेच, गप्प राहणं. खूप वेळाने विचारलं, “रात्री नऊ वाजता पाच वर्षांचं पोर मुद्दाम काय करतं?”

“काही नाही. पेंगुळलेलं असतं.” आणि ते रडले.

तोवर मीही रागाच्याच मागे होते. त्या दिवशी मला दिसलं की राग चढतो नि उतरतो. त्याला हात उचलायची परवानगी देतं ते हे कुजबुजणारं कारण. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९च्या एका लेखात आईला बाळाचा तिटकारा का येऊ शकतो याची अठरा कारणं दिली आहेत. मी त्यांच्याच वाटेची. मनात आलेलं मान्य करणाऱ्या पालकाच्या हातून ते घडण्याची शक्यता कमी, असा माझा अनुभव. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते: राग कधी येतो ते लिहूच नका, त्या क्षणी मुलाबद्दल मनात कोणतं वाक्य येतं ते लिहा.

कादंबरीत एक जुना बॉयलरही आहे. त्याचा दाब रोज न चुकता उतरवावा लागतो. बापाच्या ते ध्यानातून जातं आणि हॉटेल उडतं. हा भाग त्यांनी घरी बायकोला वाचून दाखवला. पुढच्या वेळी हसत आले. “दाब वाढलाय, तू बघ याच्याकडे,” असं म्हणून एकाने बाहेर पडायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाली ती बायको, स्वतःबद्दल.