मदत कुणी केली, ते विचार

अगं,

पाचवीच्या वर्गासाठी तू तयार केलेला पाठ वाचला. सिंड्रेला नऊवारीत, भोपळ्याच्या बग्गीऐवजी बैलगाडी, राजवाड्यात पुरणपोळी. आणि खाली तुझाच प्रश्न, 'हे सगळं खोटं का वाटतंय?' वाटणारच. गोष्ट १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेली, पेरो या फ्रेंच लेखकाचीच राहिली, तू नुसता कपडेपट बदललास.

कपड्यांना हात लावू नकोस. त्या मुलीला मदत कुठून येते ते बघ. पेरोकडे परी येते, छडी फिरवते, काम झालं. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या सिंड्रेलात परी नाहीच. मुलगी आईच्या थडग्यावर झाड लावते, आसवांनी शिंपते, तेच झाड तिला पोशाख देतं. चीनमधली सिंड्रेला, येह श्येन, तिची गोष्ट तर नवव्या शतकात लिहून ठेवलेली. तिने जीव लावून वाढवलेला मासा सावत्र आई मारून खाते, हाडं उकिरड्यात पुरते. ती हाडंच मुलीला हवं ते देतात. पुढे तिच्याशी लग्न करणारा राजा हाव सुटल्यासारखा त्या हाडांकडे मागत राहतो, आणि वर्षभरात ती द्यायचीच थांबतात. हा राजा मुलांपुढे ठेव! मदत कुणी केली, एवढंच विचार आणि गप्प बस. फळ्यावर 'साम्य व फरक' असा तक्ता आखशील तर बघ. मला त्या तक्त्यांचा वीट आलाय.

आपल्याकडची हवी म्हणतेस? मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ साली छापलेल्या दख्खनच्या गोष्टींत सोदेवाबाई आहे. ती लाडाकोडात वाढलेली, सावत्र आईबिई नाही. एका पायातला जोडा हरवतो, राजपुत्राला सापडतो, लग्न होतं आणि खरी अडचण त्यानंतर येते. तिचा जीव सोन्याच्या हारात आणि घरात सवत! म्हणजे इथे मदत लागते ती लग्नानंतर. मुली हे बरोबर पकडतात. या गोष्टी मेरीला सांगितल्या ॲना लिबेराटा डिसूझा या आयाने, तिने त्या आजीकडून ऐकलेल्या. मुखपृष्ठावर नाव गव्हर्नरच्या मुलीचं. तू वर्गात ॲनाचं नाव आधी घे.

एका पुस्तकाच्या समितीत मी होते. ग्रिमच्या गोष्टीतलं थडगं काढा, मुलं घाबरतील, असं ठरलं. थडगं काढलं तर मदत येणार कुठून? मी बाहेर पडले. पुस्तक परीसकट निघालं आणि मुलांच्या हाती तेच गेलं. आत राहून भांडले असते तर एखादी गोष्ट वाचली असती, असं तू म्हणशील. म्हण. हेकट म्हणणारे आहेतच. पण आई गेलेलं एखादं मूल तुझ्याही वर्गात असेल, आणि त्याला परी पुरायची नाही.

तेव्हा सोमवारी येह श्येन सांग. तुझ्या वर्गातल्या नेपाळी, बिहारी, कानडी पोरांना म्हणावं, घरी विचारून या: छळ होणाऱ्या मुलीची गोष्ट माहीत आहे का, आणि तिला मदत कोण करतं? लिहून आणायला लावू नकोस, तोंडी सांगू देत. सांगणारीचं नाव मात्र विचारून ठेव.