ताईचा पॉर्फिरिया माझ्याही वाट्याला येईल का?

"ताईला पॉर्फिरिया आहे, मग तो मलाही होणार का? आणि तसे असेल तर मी लग्न करावे का?" आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनासाठी आईसोबत आलेल्या एका तरुणीचा हा प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिच्यासाठी सख्ख्या मामाच्या मुलाचे स्थळ आले होते आणि आई खाली मान घालून बसली होती, कारण हा दोष तिच्याच माहेरचा, असे घरात बोलले जात होते.

ताईला नवरात्राच्या कडक उपवासात असह्य पोटदुखी सुरू झाली. पाठोपाठ उलट्या, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, आणि सोनोग्राफीत मात्र काहीच सापडले नाही. पुढे तिची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा काहींनी बाहेरची बाधा म्हटले, तर काहींनी मनाचे खेळ. रक्तातले सोडियम उतरून फिट आली, आणि लघवीचा गडद लालसर रंग पाहून डॉक्टरांनी उजेडापासून झाकलेला नमुना पॉर्फोबिलिनोजेन या, पॉर्फिरियात साचणाऱ्या पदार्थाच्या तपासणीसाठी पाठवला, तेव्हा कुठे अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरियाचे, म्हणजे अधूनमधून तीव्र झटके देणाऱ्या प्रकाराचे, निदान झाले. ते दुखणे खरे होते, हे मी त्या दोघींना आधी सांगितले, कारण ते ताईला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

रक्ताला लाल रंग देणारे हीम आपले शरीर आठ टप्प्यांत तयार करते. या आजारात तिसऱ्या टप्प्याचे विकर (एन्झाइम) निम्म्याच क्षमतेने काम करते. एरवी तेवढे पुरते. परंतु उपाशी राहिल्यास, मद्य घेतल्यास, जंतुसंसर्ग झाल्यास, पाळीच्या आधीच्या दिवसांत किंवा फिट्सवरील व सल्फा गटातील काही औषधांमुळे यकृत पहिला टप्पा वेगाने चालवू लागते, आणि पुढे न सरकलेले पदार्थ साचून मज्जातंतूंना इजा करतात. म्हणूनच हा वेग आवरण्यासाठी अशा वेळी शिरेतून ग्लुकोज आणि तीव्र झटक्यात हेमिन हे हीमचेच औषधी रूप देतात. या प्रकारात त्वचेवर फोड येत नाहीत. ते पॉर्फिरियाच्या इतर काही प्रकारांत येतात.

आता तिच्या प्रश्नाविषयी. सदोष जनुक आईकडून तिच्याकडे येण्याची शक्यता निम्मी होती, आणि ते आले तरी असे जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही; तिची आई हेच त्याचे उदाहरण. एवढ्यासाठी लग्न टाळण्याचे कारण मला दिसत नाही. मामाच्या मुलाबाबत मात्र मी थांबायला सांगितले. मामाकडेही तेच जनुक असू शकते, आणि आईवडील दोघांकडून ते मिळालेल्या बाळाला बालपणीच अतिशय दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

ताईच्या तपासणीतून घराण्यातला नेमका जनुकदोष कळलेला होता, त्यामुळे इतरांची तपासणी सोपी झाली. लघवीची चाचणी झटका नसताना पुष्कळदा निर्दोष येते, म्हणून नातेवाइकांसाठी जनुक तपासणीच विश्वासार्ह ठरते. तिच्यात तो दोष आढळला, मामाच्या मुलात नाही. लग्न करायचे की नाही, हा निर्णय मी त्या दोघांवर सोडला. टाळायच्या औषधांची यादी आता ती पर्समध्ये ठेवते, भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना ती दाखवायची हे तिला ठाऊक आहे, आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास न करण्याचे तिने सासूबाईंना आधीच सांगून ठेवले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या तिच्या आईची यकृताची सोनोग्राफी आता दर सहा महिन्यांनी होते, कारण या जनुकामुळे उतारवयात यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.