दीड वर्ष कंबर दुखतेय, एक्स-रे नॉर्मल, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय २६, दोन हाडांचे डॉक्टर झाले, गादी बदलून झाली आणि 'आराम केला की उलट जास्त दुखतं'. या शेवटच्या वाक्याला मी अडकले, म्हणून उत्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. सांगलीकडची, पतसंस्थेत काउंटरला बसणारी बाई आहे आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची (मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात) पेशंट. दुखायला लागलं २०१२ मध्ये, दुखण्याचं नाव कळलं २०१८ मध्ये.

मधल्या सहा वर्षांत काय नाही केलं! आधी उसण भरली म्हणून गल्लीतल्या पायाळू काकांकडून कमरेला पाय लावून घेतला. मग एरंडाचं पान, निर्गुडीचा शेक. एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून 'मणक्यात गॅप आहे' सांगितलं, दुसऱ्यांनी तोच एक्स-रे बघून 'काही नाही, वजन उतरवा' म्हटलं. पट्टा बांधला. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, सगळं वातूळ म्हणून बंद. एकाने पुड्या दिल्या. आठ दिवसांत मी जिने पळत चढायला लागले आणि दोन महिन्यांत तोंड पुरीसारखं फुगलं. पुढे कळलं की त्यात बहुतेक स्टेरॉइड होतं. नाव नसलेली पुडी कुणी कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नका, हात जोडून सांगते.

२०१६ मध्ये सिझर झालं आणि सगळ्यांना आयतं कारण मिळालं: 'कमरेत इंजेक्शन घेतलं ना, आता जन्मभर दुखणार.' अहो, पण दुखतंय २०१२ पासून! हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, 'आमची सून पहाटे साडेतीनला उठते.' उठते कसली, साडेतीनला मला कूस बदलता यायची नाही. एक हात पलंगाच्या कडेला, एक गुडघ्याखाली, असं करत पाय खाली सोडायचे, मग भिंत धरून उभं राहायचं. शिंक येईल याची भीती वाटायची. मग स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या. चालून चालून अर्ध्या-पाऊण तासाने कंबर जरा सैल व्हायची, तेव्हा कणीक मळायला घ्यायची. दहा वाजेपर्यंत मी ठणठणीत. दवाखान्यात नंबर लागायचा साडेअकराला, त्यामुळे डॉक्टरांपुढे नेहमी चांगली चालणारी बाई जायची.

शेवटी मावसबहिणीने पुण्याच्या एका संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. हाडांचे डॉक्टर वेगळे, हे वेगळे. माझी एक्स-रेंची जाडजूड पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. कुठे दुखतं हे मला सगळ्यांनी विचारलं होतं. यांनी विचारलं कधी दुखतं. रात्री कितीला जाग येते? उठून काय करता? सकाळी किती वेळ आखडलेल्या असता? कधी उजवा कुल्ला, कधी डावा, असं आलटून पालटून दुखतं का? टाच दुखते का? मग कमरेवर पेनाने १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि पुढे वाकायला लावलं. टेपने मोजलं तर १२. ते १५ च्या आसपास जायला हवं होतं. खरं सांगते, मला रडू आलं, पण आनंदाचं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं दुखणं टेपवर दिसत होतं.

तर तुम्हीही तेवढंच करा. पंधरा दिवस वहीत लिहा: किती वाजता जाग आली, उठल्यावर किती मिनिटं आखडलं होतं, कामाने कमी झालं की बसण्याने. मणक्याची झीज किंवा लचक असली तर साधारण आराम मानवतो. सूज असलेला हा आजार उलटा, हालचालीने सैल होतो, झोपून राहिलं की धरतो. बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. ती वही घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा.

एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून खचू नका. या आजारात माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेल्या एसआय सांध्यांत आधी सूज येते आणि ती एक्स-रेत दिसायला काही वर्षंही लागतात. एमआरआयमध्ये लवकर दिसू शकते, पण तो एसआय सांध्यांचा काढावा लागतो. माझा आधी नुसता कमरेच्या मणक्यांचा काढून 'नॉर्मल' ठरवला होता, पैसे पाण्यात. एचएलए-बी २७ नावाची रक्ततपासणी सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, निगेटिव्ह आली म्हणून नाहीच असंही नाही. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल असूनही आजार असू शकतो. अर्थात तुमचं दुखणं वेगळंच निघू शकेल, ते संधिवाततज्ज्ञच सांगतील.

औषधाचं थोडक्यात: आधी सूज कमी करणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम. माझं त्यावर दोन वर्षं भागलं. मग अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुरू झालं, पंधरा दिवसांनी एक. ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण अंगात दबून असलेला टीबी त्याने डोकं वर काढू शकतो. २०१४ पासून भारतात बनलेलं मिळतं, म्हणून निदान विचार तरी करता आला. तरी ते स्वस्त नाही, आणि माझ्या मेडिक्लेमने 'अ‍ॅडमिट नव्हता' म्हणून हात वर केले. आधी विचारून ठेवा.

घरच्यांचं म्हणाल तर नाव कळलं तरी फार फरक पडत नाही. 'मलाही स्पाँडिलायटिस आहे, मानेचा पट्टा लाव' असं सांगणारे आत्तेभाऊ निघतातच (त्यांचा स्पाँडिलोसिस असतो, ती झीज). मी समजावणं सोडलं. नवऱ्याला मात्र एकदा पहाटे साडेतीनला उठवून समोर बसवलं आणि मी पलंगावरून कशी उठते ते बघायला लावलं. तेव्हापासून दूध तोच तापवतो.

आणि एक, हे विसरू नका: एक डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर डोळे आलेत समजून दुकानातून थेंब आणू नका. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि कंबरदुखीचंही त्यांना सांगा.