झाकण उघडून बघू : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं बरीच आली, चारच घेतली आहेत. एकच विनंती. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ एवढंच लिहू नका. आवाज येतो का, दिवा लागतो का, पडद्यावर काय अक्षरं येतात, तेही लिहा. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हणून कसं चालेल?

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातला कॉम्प्युटर २०१६ चा, आय-फाइव्ह, सहावी पिढी. टॅली, जीएसटी, बँक सगळं त्याच्यावरच. विंडोज १० ला आता अपडेट नाहीत म्हणतात. पुतण्या म्हणतो, ‘काका, याच्यावरच ११ टाकून देतो, पैसे कशाला घालवता?’ मशिन हल्ली तापून मधेच बंद पडतं. नवीन घ्यावं का? बॅकअप रोजचा डी ड्राइव्हला घेतो, त्यामुळं ती काळजी नाही.
– एक अडत दुकानदार, सांगली

उत्तर : काळजी तिथंच आहे, पण त्याच्याकडं नंतर येतो.

आधी तापण्याचं. यार्डातलं मशिन उघडलं की मला पहिली शिंक येते, मग निदान होतं. गेल्याच महिन्यात असं एक उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटीत हळदीची धूळ पावसाळी दमटपणा धरून नमद्यासारखी बसली होती. नखानं उचलली तर अखंड पिवळी चकती निघाली. पंखा बिचारा फिरत होता, पण वारा जायला वाटच नव्हती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःला मंद करतो आणि तरीही भागलं नाही तर मशिन बंद होतं. ते बिघडलेलं नसतं, जीव वाचवत असतं.

साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारायचा. मोकळा सोडला तर पंखा वाऱ्यानं भलत्या वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडं नेणारी पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती पुसून नवीन लावून घ्या. आणि मशिन काउंटरखाली फरशीवर ठेवलं असेल, तर दीड-दोन फूट वर घ्या. पोती जिथं सुटतात तिथंच नवीन मशिन ठेवलंत, तर वर्षभरात तेही पिवळं होईल.

आता पुतण्याचं. पोरगं हुशार आहे, ११ चालूही करून दाखवील. पण विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. तुमचं मशिन त्या यादीत नाही. नियमाला बगल देऊन बसवलं तर पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बोलावणं नसताना पंगतीत बसल्यासारखं आहे, वाढपी कधी उठवील सांगता येत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे, पण बँकेचा व्यवहार चालतो ते दुकान तिच्या भरवशावर ठेवू नका.

म्हणून हो, नवीन घ्या. पण भारी नको. टॅलीला आणि बिलांना आय-थ्री पुष्कळ झाला. बाराव्या पिढीचा किंवा पुढचा बघा, त्याच्या तोडीचा एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसरही चालेल. रॅम १६ जीबी आणि ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. दुकानदार झगमगती काच आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवील, त्यातले पैसे यूपीएसला ठेवा. बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट सोडायचं कशाला? आणि विंडोज परवान्याची घ्या. फुकटात चालू करून देणारा ‘ॲक्टिव्हेटर’ बसवताना बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घरात शिरण्याआधी वॉचमनला सुट्टी द्या म्हणणाऱ्याला तुम्ही आत घ्याल का? विंडोजमधला डिफेंडर चालू ठेवलात, अपडेट येऊ दिलेत, तर वेगळा अँटिव्हायरस विकत घेतलाच पाहिजे असं नाही. मुनीमजींना साधं खातं द्या, नवीन प्रोग्रॅम बसवण्याचा पासवर्ड तुमच्याकडं ठेवा.

आता तो डी ड्राइव्ह. सी आणि डी या बऱ्याचदा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर पडलं तर तिजोरी दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचत नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक या आठवड्याला, दुसरी पुढच्या. कॉपी झाली की डिस्क काढायची, लावून ठेवायची नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा असाच एक जगभर फिरला, तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. लोकांनी अपडेट ‘नंतर’वर ढकलला, एवढंच. शनिवारी एक डिस्क खिशात घालून घरी न्या. आणि महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे लग्नात न मोजता ठेवलेला आहेर.

जुनं मशिन भंगारात देऊ नका. इंटरनेटची वायर काढा आणि जुन्या वर्षांच्या वह्या बघायला ठेवा.

प्रश्न : सर, कॉम्प्युटर चालू केला की तारीख २०१५ दाखवतो आणि कुठलीही साईट उघडली की ‘सुरक्षित नाही’ असं येतं. व्हायरस आहे का?
– एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : नाही गं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सपाट सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की मशिनची वीज बंद असताना घड्याळ चालत नाही. साईटच्या प्रमाणपत्राला तारखेची मुदत असते, तुझं मशिन २०१५ मध्ये बसून २०२६ चं प्रमाणपत्र बघतंय, विश्वास कसा ठेवील? घड्याळजीकडंही हा सेल मिळतो. फॉरमॅट मारायला हवा म्हणणाऱ्याकडं जाऊ नकोस.

प्रश्न : लाईट गेली की यूपीएस एकदा ओरडतो आणि मशिन लगेच बंद. यूपीएस तीन वर्षांचा आहे. शिवाय अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. घरात लहान नात आहे म्हणून विचारतो.
– एक निवृत्त शिक्षक, पलूस

उत्तर : गुरुजी, झिणझिण्यांचं आधी बघा, यूपीएस थांबेल. मशिनच्या पॉवर सप्लायमध्ये विजेची खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते त्यांचा वाटा अर्थिंगकडं सोडतात. घरात अर्थिंग नसेल किंवा तुटलं असेल, तर तेवढा प्रवाह कॅबिनेटवर येऊन थांबतो. मीटर लावला तर शंभरच्या वर व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण अर्थिंग नाही याचा अर्थ उद्या मिक्सर किंवा फ्रिजची वायर आत उघडी पडली, तरी वाचवायला कुणी नाही. वायरमन बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. नुसत्या तीन पिनांच्या सॉकेटकडं बघून ‘आहे की’ म्हणणारा नको. मी एका घरी सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, तोही बसवून घ्या.

यूपीएसच्या आत बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. दोन-तीन वर्षं हेच तिचं आयुष्य. बॅटरी बदला, यूपीएस नाही. त्याच्यावर लेझर प्रिंटर लावला असेल तर काढा, तो गरम होताना एकदम ओढतो.

प्रश्न : आम्ही खणभागात राहतो. पाऊस सुरू झाला की मुलाचा कॉम्प्युटर आणि यजमानांचा लॅपटॉप उचलायची घाई होते. नेमकं काय वर न्यायचं? आणि भिजलंच तर?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गणपती पेठेत पाणी शिरलं, तेव्हा मी गिऱ्हाइकांची सगळी मशिनं माळ्यावर चढवली. फार शहाणपणा केला असं वाटलं. टेबलाच्या खालच्या खणात माझीच बॅकअपची डिस्क राहिली. चिखल निघाल्यावर खण ओढला तर लाकूड फुगून बसलेलं, तो पहारीनं उघडावा लागला. डिस्कच्या लेबलवर माझंच अक्षर होतं, ‘महत्त्वाचं’.

म्हणून मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर राहू द्या. बॅकअपची डिस्क आणि लॅपटॉप पिशवीत घाला. मोठ्या कॅबिनेटमधली हार्ड डिस्क काढायला चार स्क्रू लागतात, मुलाला आत्ता उन्हाळ्यातच शिकवून ठेवा. लॅपटॉप नवा, विंडोज ११ चा असेल तर त्याची डिस्क कुलूपबंद असू शकते. मशिन बिघडून डिस्क दुसरीकडं जोडली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आज उतरवून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

भिजलंच तर चालू करून बघू नका. ‘चालतंय का बघू’ या तीन शब्दांनी जेवढ्या डिस्क गेल्या, तेवढ्या पाण्यानं गेल्या नसतील. हार्ड डिस्कला बहुधा हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत जातं. आतला चिखल घेऊन तबकडी फिरली की ती खरवडून निघते. केसांचा ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका, उघडू तर मुळीच नका. डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडं आहे तशीच पाठवा. खर्च मोठा येतो. माझी डिस्क मी पाठवली नाही, ती अजून दुकानात खिळ्याला टांगली आहे.