डाव हातचा गेलेला नव्हताच, तरी कास्पारोवने सोडून दिला

तुम्ही विचारलंय की कॉम्प्युटर विरुद्ध वर्ल्ड चॅम्पियन यांच्यातला सगळ्यात लक्षात राहिलेला डाव कोणता. बहुतेक लोक आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरने 1997 मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोवला हरवलं तो शेवटचा सहावा डाव सांगतील. मला विचाराल तर तो डाव म्हणून काही खास नाहीये, 19 चालींत आटोपला, कास्पारोव कारो-कान (काळ्याची एक सुरुवातीची पद्धत) खेळला आणि सातव्या चालीला प्यादं एच6 घरात ढकलून बसला, मग मशीनने ई6 वरचं प्यादं मारून घोडा देऊन टाकला आणि पुढे काळ्याला श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. तो घोडा देणं मशीनच्या ओपनिंग बुकमध्ये (सुरुवातीच्या चालींच्या तयार यादीत) आधीच भरलेलं होतं, म्हणजे तिथे मशीनने फार डोकं लावलं असंही नाही.

खरा डाव दुसरा, 4 मे 1997 चा.

पण त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल. 1996 ला फिलाडेल्फियात याच कास्पारोवने डीप ब्लूला 4-2 असं हरवलं होतं (पहिला डाव तो हरला होता, चालू जगज्जेता नेहमीच्या वेळेच्या डावात कॉम्प्युटरकडून हरायची ती पहिलीच वेळ), त्यामुळे 97 ला तो भरपूर कॉन्फिडन्समध्ये होता आणि पहिला डाव जिंकलाही. त्या डावात शेवटी शेवटी 44 व्या चालीला मशीनने हत्ती उगाच डी1 ला नेला, काही अर्थच नाही त्या चालीला. डीप ब्लूच्या टीमच्या लोकांनी नंतर सांगितलं की तो चक्क बग होता. पण कास्पारोवच्या गोटात त्यावर बराच खल झाला आणि अर्थ असा लावला गेला की मशीनला फार खोलवरचं काहीतरी दिसलं असणार, म्हणून तिने साधी चाल टाळली! आता तुम्हीच सांगा, समोरच्याच्या चुकीला आपणच हुशारी समजायला लागलो तर पुढे काय होणार.

आणि ते लगेच पुढच्याच डावात झालं. डीप ब्लू पांढरी मोहरी घेऊन रुय लोपेझ ही जुनी सुरुवात खेळत होती, 36 व्या चालीला वजीर बी6 ला घुसवून तिला प्यादी खाता येत होती, आणि तेव्हाचे कॉम्प्युटर म्हणजे हावरट, प्यादं दिसलं की खाणारच, कास्पारोवचा सगळा हिशोब त्यावर होता. मशीनने ते केलंच नाही. आधी बी5 वर प्याद्याने प्यादं मारलं आणि मग उंट शांतपणे ई4 वर आणून बसवला, काळ्याच्या उलट्या हल्ल्याचा रस्ताच बंद. ही चाल माणसासारखी वाटते, त्यातही एखाद्या अनुभवी माणसासारखी. कास्पारोव इथे मनातून हरला असं माझं मत आहे, कारण 45 व्या चालीला पांढऱ्याचा हत्ती ए6 ला आला आणि याने डाव सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच टीमने त्याला सांगितलं की अरे, तिथे बरोबरी होती.

मी ती पोझिशन कित्येक वेळा पटावर लावलीये. काळ्याने वजीर ई3 ला न्यायचा, मागे डी6 वरचा उंट बिनजोर पडतो तो खुशाल खाऊ द्यायचा, आणि उंट गेल्यावरही घाईने शह न देता हत्ती बी8 वरून ई8 ला एक घर, दोन घर, तीन घर असा सरकवायचा, आणि मग पांढऱ्या राजाला सतत शह चालू. उत्तर माहीत असूनही हत्तीची ती चाल हाताला सुचत नाही, एक उंट कमी असताना कोण एवढ्या निवांत चाली करतं! तरी कास्पारोव हा असल्या गोष्टी शोधण्यात जगात एक नंबर होता. त्याने शोधलंच नाही, कारण अशी बरोबरी या मशीनला दिसली नसेल हे त्याला पटलंच नसतं. सेकंदाला 20 कोटी पोझिशन बघणारं मशीन, आणि तिलाही ते दिसलं नव्हतं.

नंतर त्याने मशीनच्या नोंदी मागितल्या, माणसाची मदत झाली असा संशय घेतला, फुटबॉलपटू मॅराडोनाच्या हाताने मारलेल्या 'देवाच्या हाताच्या' गोलची आठवण काढली. आयबीएमने परत मॅच न खेळता मशीन मोडीत काढली त्यामुळे संशयाला अजून खतपाणी मिळालं (नोंदी नंतर इंटरनेटवर टाकल्या ते वेगळं). पुढचे तीन डाव बरोबरीत, मग तो सहावा, एकूण 3.5-2.5. मला फसवणूक वगैरे काही वाटत नाही, पण चिडचिड मात्र समजू शकते.

बाकी मशीनची फजिती बघायची असेल तर 2003 चा एक्स3डी फ्रिट्झ या बुद्धिबळ प्रोग्रॅमविरुद्धचा तिसरा डाव लावा, थ्रीडी चष्मा घालून कास्पारोव खेळला होता, पट पूर्ण जाम केला आणि फ्रिट्झ बिचारं मोहरी पुढे-मागे हलवत बसलं. 2005 ची हायड्रा हा कॉम्प्युटर आणि ग्रँडमास्टर अ‍ॅडम्स यांची मॅच नका बघू, 5.5-0.5 ने हायड्रा जिंकला, त्रास होतो.

आणि एक राहिलाच, बॉन 2006, क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ, डाव दुसरा. क्रामनिक तेव्हा जगज्जेता, काळी मोहरी घेऊन मस्त खेळत होता. 34 व्या चालीला त्याने वजीर ई3 ला नेला (परत ई3!), शांतपणे उठला, कप उचलला आणि विश्रांतीच्या खोलीकडे निघाला. इकडे फ्रिट्झच्या चाली पटावर करणारा माणूस एकदा स्क्रीनकडे बघतोय, एकदा पटाकडे, त्याला वाटतंय आपणच चाल चुकीची टाकली की काय. स्क्रीनवर एका चालीत मात दिसत होती. वजीर एच7, मागून एफ8 वरच्या घोड्याचा जोर, संपलं. क्रामनिकने कपाळाला हात लावला, खाली बसून स्कोअरशीटवर सही केली आणि पत्रकार परिषदेला गेला. त्या डावात 33 व्या चालीपर्यंत त्याची चूक शोधत बसू नका, तसलं काही सापडणार नाही.