मार्कशीट कोण छापणार?

निकाल लागले की या सदराच्या टपालात दरवर्षी एखादा नवा शब्द शिरतो. यंदा तो आहे ‘ऑनलाइन आर्ट्स’. बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत, म्हणून त्यांतली सहा निवडली.

मुलीला दहावीला ८८ टक्के आहेत. कथकमुळे रोज कॉलेजला जाणं जमणार नाही. एक ‘ऑनलाइन स्कूल’ अकरावी-बारावी आर्ट्स घरून करून देतो म्हणतंय. फी वर्षाला पाऊण लाख. घ्यावं का? – एक आई, सिंहगड रस्ता

फीचं नंतर बघू. आधी त्यांना फोन करून एवढंच विचारा, की बारावीची मार्कशीट कोण छापणार? शाळा ऑनलाइन असू शकते, पण परीक्षा बोर्डच घेतं. ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ या उत्तरावर फोन ठेवू नका. बोर्डाचं नाव सांगायला लावा आणि ते नाव त्या बोर्डाच्याच वेबसाइटवर जाऊन तपासा.

बहुतेक वेळा उत्तर येतं, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान. १९८९पासूनची ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिचं प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. तिथली नोंदणी तुम्ही घरी बसून स्वतः करू शकता. तेव्हा ते पाऊण लाख शिकवणीचे आहेत, बोर्डाचे नाहीत. शिकवणी चांगली असेल तर खुशाल द्या, फक्त कशाचे देतोय ते माहीत असू द्या.

एनआयओएसला पाच विषय पुरतात, त्यात किमान एक भाषा हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. विषय सुटे सुटे सोडवता येतात. कार्यक्रमांचा हंगाम सांभाळणाऱ्या मुलीला हे सोयीचं. मात्र दहावीनंतर दोन वर्षं झाल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र हातात पडत नाही. ‘एका वर्षात बारावी’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

दुसरा रस्ता आपल्याच राज्य मंडळाचा, १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं, पुस्तकं आणि पेपर नेहमीचेच. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो. देण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी विसरतं. एनआयओएसवरून पुण्यातल्या कॉलेजात एफवायबीएला जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेचे कागद लागतात, १७ नंबरला ती दगदग नाही. तरीही तुमच्या मुलीसाठी मी एनआयओएसच निवडेन.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. घरून आर्ट्स करण्यातली खरी अडचण मान्यतेची नाही, लिहिण्याची आहे. गणिताचं उत्तर चुकलं तर मागचं पान उघडून मुलीला कळतं. पण ‘१८५७च्या उठावाची कारणं’ तिने दीड पान लिहिली, तर ती बरी की वाईट हे पुस्तक सांगत नाही. कुणीतरी वाचावं लागतं. व्हिडिओ बघून इतिहास समजल्यासारखा वाटतो आणि पेपरात पेन अडतं. मी बरीच वर्षं बारावीचे पेपर तपासले. ज्या मुलांचं लिखाण आधी कुणी वाचलेलंच नसतं ती दुसऱ्या परिच्छेदात ओळखू येतात. सगळं माहीत असतं, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर, याचा पत्ता नसतो. तेव्हा शिकवणीवाल्यांना विचारा, आठवड्याला किती उत्तरं लिहून घेता आणि ती कोण तपासतं? ‘एमसीक्यू टेस्ट आहेत’ असं म्हणाले तर ते पैसे वाचवा आणि एखाद्या निवृत्त बाईंना गाठा. सदाशिव पेठेत त्यांची वानवा नाही.

बारावी सायन्सला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये नापास झालो. चाकणला कंपनीत कामाला लागलोय. आता आर्ट्स घेऊन बारावी करायची, तर पुन्हा पहिल्यापासून का?

पहिल्यापासून नाही. एनआयओएसमध्ये आधीच्या मान्यताप्राप्त बोर्डात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. इंग्रजीत तू पास असशीलच, ते आणि पास झालेला आणखी एक विषय तिकडे वळव. उरले तीन. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घे. प्रात्यक्षिकं नाहीत, शिफ्ट सांभाळून होतील. पासिंग ३३ टक्क्यांना आहे. २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात. त्या नेटवरून उतरवून काढू नकोस, तेवढाच तुझा लिहायचा सराव. फॉर्म भरताना माध्यम नीट बघून टाक. ज्या भाषेतली पुस्तकं हातात येणार तेच माध्यम.

बारावीनंतर ऑनलाइन बी.ए. सायकॉलॉजी करून काउन्सेलर व्हायचंय. कुठलं विद्यापीठ चांगलं?

कुठलंच नाही. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्र ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने शिकवणं बंद केलंय. २०२१च्या आरोग्य व्यवसायांच्या कायद्याखाली जे विषय येतात त्यांना हा नियम लागू झाला आणि मानसशास्त्र त्यात सापडलं. जुन्या जाहिराती अजून फिरताहेत, त्यांना भुलू नकोस. सरळ कॉलेजात जाऊन बी.ए. कर. पुढे एम.ए. लागणारच, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणीही. माणसांशी बोलण्याचं काम माणसांत बसून शिकावं, असं मला या नियमाच्या आधीपासून वाटत आलंय.

ऑनलाइन बी.ए. एमपीएससीला चालते का? फाइन आर्टची डिग्री ऑनलाइन मिळते का? (दोन भाऊ, एकच पत्र)

थोरल्याला: चालते. यूजीसीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे दिलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अट एवढीच, की तो कोर्स त्या सत्रासाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत असायला हवा. विद्यापीठ यादीत असणं पुरत नाही, कोर्स असावा लागतो. प्रवेशाला आता डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा नोंदणी क्रमांक, लागतो, तो स्वतः काढ, एजंटाला काढू देऊ नकोस. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू ही दोन दारं आधी ठोठाव.

धाकट्याला: नाही. दृश्यकला ऑनलाइन शिकवायला परवानगीच नाही. बारावीनंतर राज्याची कलेची सीईटी दे. हात चालू ठेव.

एनआयओएसची बारावी घेऊन दिल्लीला जाता येईल का? सीयूईटी मराठीतून देता येते का?

दोन्हींचं उत्तर हो. एनआयओएस चालतं. सीयूईटी म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. तिचा पेपर १३ भाषांत मिळतो, त्यात मराठी आहे; भाषा-विषय म्हणूनही मराठी घेता येतं. जास्तीत जास्त पाच विषय, प्रत्येकाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं की एक वजा. इतिहास, राज्यशास्त्राचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर येतात, म्हणून तुझ्या बोर्डाचं पुस्तक कुठलंही असो, ती पुस्तकं हवीतच. २०२५पासून बारावीला नसलेल्या विषयाचाही पेपर देता येतो, पण प्रत्येक विद्यापीठाची पात्रता वेगळी असते. विषय निवडण्याआधी ज्या कोर्सला जायचंय त्याचं पान वाच. परदेशी भाषांची आवड असेल तर जेएनयूची बी.ए. बघून ठेव, प्रवेश याच परीक्षेतून होतो. आणि दिल्ली जमली नाही तर? पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत एफवायबीए बारावीच्या गुणांवरच मिळते. तेव्हा सीयूईटीच्या नादात बारावी ढिली सोडू नकोस.

मुलाला जर्मनीत तत्त्वज्ञान शिकायचंय. बारावी आर्ट्स ऑनलाइन करतोय. थेट प्रवेश मिळेल?

नुसत्या आपल्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात सहसा थेट जाता येत नाही. एक तर भारतात पदवीचं एक वर्ष पूर्ण करायचं, मग त्याच शाखेत अर्ज. नाहीतर तिकडे जाऊन वर्षभराचं श्टुडियनकोलेग, म्हणजे विद्यापीठाची पूर्वतयारी, मानव्यविद्येसाठी त्यातला जी-कोर्स, आणि शेवटी परीक्षा. ते एक वर्ष इथे करायचं ठरलं तर नेहमीच्या कॉलेजातच करा, ऑनलाइनचा जुगार नको. नोव्हेंबर २०२२पासून व्हिसाला एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागदपत्र-तपासणी केंद्राचं, प्रमाणपत्रही लागतं.

आणि जर्मन. तत्त्वज्ञ कांट मुळातून वाचायचाय म्हणे, पण पत्रात जर्मन सुरू केल्याचा उल्लेख नाही. घरून बारावी करणाऱ्याकडे वेळ असतो. उद्या फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन सर्टिफिकेट कोर्सची पुढची बॅच कधी आहे ते विचारून यायला सांगा. त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.