चौथं कर्ज घेऊ की म्हैस विकू?

प्रश्न : आम्ही सांगोला तालुक्यातले. गटातून एका मायक्रोफायनान्स (छोटी कर्जं देणाऱ्या) कंपनीचे ४०,००० काढून म्हैस घेतली, तेव्हा बरं चाललं होतं. म्हैस आटल्यावर हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं आणि सासऱ्यांच्या दवाखान्याला तिसऱ्या कंपनीचं कर्ज काढलं. दूध-मजुरी मिळून महिन्याला सरासरी १२,००० येतात, हप्त्यांना ७,४०० जातात. हप्ता चुकला की गटातल्या बायका रात्रीपर्यंत दारात बसतात. चौथ्या कंपनीचा माणूस म्हणतो, "उत्पन्न वाढवून लिहू, कर्ज बसवून देतो." सासूबाई म्हणतात, म्हैस विका. ती आठ महिन्यांची गाभण आहे. काय करू?
– एक भगिनी (नाव छापू नये)

उत्तर : ताई, त्या चौथ्या कर्जाच्या अर्जावर सही करू नका.

माणदेशात बचत गटांचं काम करताना तुमच्यासारखी खूप घरं पाहिली. उधळपट्टीने बुडालेली त्यात फार थोडी. बहुतेक ठिकाणी हप्त्याचा आणि कमाईचा मेळच नसतो. म्हैस काही महिने दूध देते, मग भाकड राहते; हप्ता बारमाही. पहिल्या कर्जाने तुमच्या दारात जनावर आलं, ते चांगलंच झालं. दुसऱ्याने मात्र काहीच आलं नाही, नुसता पहिल्याचा हप्ता गेला. चौथंही तसंच जाईल. २०१० साली आंध्र प्रदेशात अशीच कर्जावर कर्जं चढली आणि शेवटी सरकारला कायदा करून वसुलीला लगाम घालावा लागला.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे : वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमचं निम्मं ६,०००. म्हणजे तुम्ही आधीच रेषेपलीकडे आहात, म्हणून तर त्या कंपनीच्या माणसाला उत्पन्न वाढवून लिहायचंय. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही, धाकदपटशा तर नाहीच. दारात बसणाऱ्या बायकांवर रागावू नका. तुमचा हप्ता त्यांच्या पदरातून भरून घेतला जातो. त्यांना हे नियम वाचून दाखवा.

आता तिन्ही कर्जकार्डं काढा. व्याजाचा दर आणि भरलेल्या हप्त्यांची नोंद तुम्हाला समजेल अशा भाषेत त्यावर असायलाच हवी. २४ टक्क्यांनी ४०,००० दोन वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण २,११५ होतात. तुमचा आकडा फार वर असेल तर विमा, दंड काय काय धरलंय ते विचारा. तिन्ही कंपन्यांना लेखी अर्ज द्या : म्हैस व्यायला दोन महिने आहेत, हप्ते लहान करून मुदत वाढवा. अर्जाची पोच घ्या. वसुलीचा त्रास थांबला नाही तर त्याचीही लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर कर्जदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर फोन करून रीत विचारा. गावात 'उमेद'चा, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, ग्रामसंघ (बचत गटांचा संघ) असेल तर तिथेही बोला; सर्वांत महाग कर्ज तिथल्या पैशातून आधी मिटवता येईल का ते पाहा.

म्हैस राहू द्या, ताई. मजुरीशिवाय घरात कमाई आणणारी तीच आहे. विकलीत तर एखादं कर्ज फिटेल, पण उरलेल्यांचे हप्ते नुसत्या मजुरीवर येतील.